परवानाधारक शोकाकुल

शहरातला एखादा जुना बार बंद पडला की तिसऱ्या दिवशी त्याचं वाङ्मय होतं. तेराव्यापर्यंत थांबायची पद्धत आता राहिली नाही. शटरवर नोटीस चिकटते न चिकटते तोच कुणीतरी ‘एका युगाचा अंत’ असा मथळा ठोकून मोकळा होतो. आपल्या पुराणांनी अख्ख्या ब्रह्मांडाचा कारभार चार युगांत आटोपला. मुंबईत एकट्या काळा घोडा परिसराने गेल्या पाव शतकात किती युगं संपवली, याचा हिशेब चित्रगुप्तालाही लागायचा नाही. वेसाइड इन गेलं, युगान्त. 2015 साली जहांगीर आर्ट गॅलरीतलं सामोवार गेलं, युगान्त. पुढल्या वर्षी समोरचं ऱ्हिदम हाउस गेलं, पुन्हा युगान्त. मधल्या वेळात माणसांनी जगायचं तरी कधी?

कॅफे असो, पब असो की परमिट रूम, या शोकवाङ्मयाचा साचा तुमच्या-माझ्या पाठ आहे. संगमरवरी टेबल. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. डाग पडलेला आरसा. ‘घरच्यासारखी विचारपूस’ करणारा वेटर, ज्याचं आडनाव, गाव, पगार यांतलं काहीही लेखकाला ठाऊक नाही. आणि शेवटी ते हुकमी वाक्य: तिथे काळ थांबला होता. अहो, काळ कसला थांबतोय! भाडं थांबलं होतं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जागांची भाडी 1940 च्या आकड्यांवर गोठवली आणि त्या गारठ्यात आपली सगळी रम्य संस्कृती टिकून राहिली. एका बिअरवर तीन तास बसू देणारा मालक कुणी उदारमतवादी तत्त्वचिंतक नव्हता. त्याला तुम्हाला बसू देणं परवडत होतं, इतकंच. भाडं हललं तसं औदार्यही हललं. पण ‘स्टँडर्ड रेंटच्या हळव्या आठवणी’ असा लेख कोण छापणार?

शोकाकुल गृहस्थांना एकच साधा प्रश्न विचारून पाहा. शेवटचे कधी गेला होतात? आधी खोकला येतो. मग उत्तर येतं, ‘कॉलेजात असताना.’ म्हणजे मधली वीस-पंचवीस वर्षं साहेब कुठे बसत होते? जिथे बर्फाचा एकच भलामोठा चौकोन मिळतो, ग्लासात रोझमेरीची काडी उभी असते आणि बिलाच्या तळाशी सर्व्हिस चार्ज आडवा झोपलेला असतो, तिथे. पगार वाढला तसे यांनी पैसे तिकडे नेले, मित्र तिकडे नेले, बढत्या तिकडे साजऱ्या केल्या. जुन्या बारसाठी काय राखून ठेवलं? गहिवर. गहिवरावर विजेचं बिल भरता येत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. बहुधा त्या वेटरने.

वेसाइड इनची कथा मुळातून ऐकण्यासारखी आहे. बाबासाहेब आंबेडकर तिथे बसत, घटनेच्या मसुद्याचं काही काम तिथल्या टेबलावर झालं, असं सांगतात. अरुण कोलटकर तिथे बसून रस्ता पाहत, हे तर सर्वज्ञात. त्या पाहण्यातून आलेलं ‘काळा घोडा पोएम्स’ 2004 साली, म्हणजे कोलटकर गेले त्याच वर्षी निघालं. तोवर वेसाइड इनला टाळं लागून गेलं होतं. आता मात्र मुंबईतला साठी ओलांडलेला प्रत्येक काव्यप्रेमी शपथेवर सांगतो की कोलटकर त्याच्या शेजारच्याच टेबलावर असत. एवढी शेजारची टेबलं मांडायची तर वानखेडे भाड्याने घ्यावं लागलं असतं! आणि एवढी गिऱ्हाइकं खरोखरच होती, तर ते बंद कशाला पडलं असतं?

बरं, हे झाले सभ्य मयत. सामोवारला 1964 पासून अर्धशतकाहून जास्त आयुष्य मिळालं, उषा खन्नांनी ते निगुतीने चालवलं, पुदिन्याचा चहा आणि कीमा पराठा यांना कलेच्या इतिहासात जागा मिळाली. गॅलरीशी जागेवरून वाद झाला, जागा सोडावी लागली, शहर हळहळलं. छान. हळहळावंच. माझं भांडण हळहळीशी नाही. ती कुणाच्या वाट्याला येते आणि कुणाच्या येत नाही, याच्याशी आहे.

लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमधलं ‘ब्लू फ्रॉग’ घ्या. 2007 साली उघडलं, 2016 साली मिटलं. संगीत चांगलं असायचं, ते कबूल. त्यावरचे मृत्युलेख मी चवीने वाचले. उंच छत, जुन्या गिरणीचा वास्तुवारसा, ‘औद्योगिक सौंदर्य’. औद्योगिक सौंदर्य! आठ-आठ तासांच्या पाळीत कापसाची धूळ फुप्फुसात भरून घेणाऱ्याला हे सौंदर्य कधी दिसलं नाही, त्याची दृष्टीच अधू असणार. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि हजारो हजार जणांना गिरणीचं फाटक पुन्हा आतून दिसलंच नाही. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक शहराला मोकळी जागा म्हणून, एक म्हाडाला, एक मालकाला. 2001 साली त्यात एवढीशी दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचे. दुरुस्ती एवढीशी आणि जमीन केवढी! तिच्यावर काचेचे मनोरे, मॉल आणि पब उगवले. 2017 च्या डिसेंबरात कमला मिल कंपाउंडमधल्या पबांच्या आगीत चौदा माणसं गेली, तेव्हा पालिकेच्या दृष्टीला अचानक धार आली आणि शहरभर बेकायदा बांधकामं दिसू लागली. पालिकेच्या डोळ्यांनाही आगीचाच उजेड लागतो.

आणि त्याच गिरण्यांच्या फाटकांसमोर, पाळी सुटल्यावर भरणारे देशी दारूचे बार? तिथेही पिढ्यानपिढ्यांच्या बैठकी होत्या. भजनाच्या चालीवरून वाद होते, युनियनची भांडणं होती, उधारीची वही होती, पगाराच्या दिवशी दारात येऊन उभी राहणारी बायको होती. संपाने ते सगळं धुऊन नेलं. त्यावर ‘युगान्त’ कुणी लिहिला? छे, त्याला बार म्हणतच नाहीत, गुत्ता म्हणतात. सत्तर रुपयांची पिणारा आपल्या वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर तळीराम असतो, सातशेची पिणारा त्याच वर्तमानपत्राच्या पुरवणीत ‘दर्दी’. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तल्या अस्सल तळीरामाने निदान आर्यमदिरामंडळ काढून सगळ्यांना एका पंगतीला तरी बसवलं होतं. नाटक 1919 चं. शंभर वर्षांत आपण तेवढ्या समतेलाही मुकलो.

स्वस्तातली सरकारमान्य जागा हटली की वस्ती सुधारते, असं मानणारा एक सज्जन वर्ग आहे. त्यांची अशी कल्पना दिसते की बार बंद झाल्यावर माणूस घरी जाऊन ताक पितो. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. त्यांच्या बैठकींच्या आठवणी कुठल्या पुरवणीत आल्या होत्या, ते मला दाखवाच.

गुत्ता निदान नुसता विसरला गेला. डान्स बारला नीतीने मारलं. 2005 साली राज्य सरकारने बंदी घातली, आणि ती वाचताना हसू आवरत नाही. कलम 33 अ म्हणतं, बारमध्ये नाच नको. कलम 33 ब म्हणतं, तीन तारे किंवा जास्त असलेल्या हॉटेलांत आणि जिमखान्यांत चालेल. म्हणजे अश्लीलता ताऱ्यांवर मोजायची! दोन तारे असतील तर तरुण पिढी रसातळाला, तीन असतील तर पर्यटनाला चालना. उच्च न्यायालयाने 2006 साली हे फेटाळलं, सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली त्यावर शिक्कामोर्तब केलं: हा भेदभाव आहे. मग सरकारने समता कशी आणली? 2014 साली ताऱ्यांवरही बंदी घातली. 2016 च्या नव्या कायद्याने तर अट टाकली की डान्स बार शाळेपासून आणि देवळापासून किमान एक किलोमीटर दूर हवा. मुंबईत! देऊळ नाही आणि शाळाही नाही असा एक किलोमीटर शोधत गेलात तर चपला भिजतात. 2019 साली न्यायालयाने ही अटही काढली, कारण ती पाळणं अशक्य होतं. दरम्यान बारबालांच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे पंचाहत्तर हजार बायकांचं पोट गेलं. त्या कुठे गेल्या, हे लिहिण्यात नॉस्टॅल्जिया नाही. तिथे काळ थांबलेला नव्हता ना.

आता मुख्य दैवताकडे वळू. महाराष्ट्र शासन.

या राज्यात पिणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक नाही, अपवाद आहे. 1949 चा दारूबंदी कायदा ‘मुंबई’चा ‘महाराष्ट्र’ झाला, पण हटला नाही. मूळ आज्ञा आजही तीच: दारू बंद. मग त्या आज्ञेला भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकावर परवान्याचा शिक्का मारायचा. कलम 40 अ वाचा. प्रकृती सांभाळण्यासाठी ज्याला विदेशी मद्याची गरज आहे, त्याच्यासाठी आरोग्य परवाना. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी परमिट रूममध्ये दिसतं ते वस्तुतः बाह्यरुग्ण विभागाचं दृश्य. 40 ब तर विधिवाङ्मयातलं रत्न आहे. घरात अडीनडीचा प्रसंग आला तर औषध म्हणून ब्रँडी, रम किंवा शॅम्पेन बाळगायचा परवाना कुटुंबप्रमुखाला मिळू शकतो. शॅम्पेन! आजीला भोवळ आली, धावा, बूच उडवा. ज्या दारूबंदीपायी मोरारजीभाईंना रुक्ष म्हणून नावं ठेवली, तिच्याच कायद्यात ही सोय आहे. लोक कृतघ्न असतात.

वयाचंही तेच. बिअर आणि वाइन एकविसाव्या वर्षी, व्हिस्की आणि रम पंचविसाव्या. विधानसभेला उभं राहायचं किमान वयही पंचवीस. राज्य चालवायला आणि व्हिस्की रिचवायला सारखीच परिपक्वता लागते, यावर घटनाकार आणि अबकारी खातं यांचं एकमत दिसतं. (अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांनी निष्कर्ष आपापले काढावेत.) आणि एका दिवसाचा परवाना? देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. बारवाले त्याची पुस्तकं घेऊन ठेवतात आणि गल्ल्याशी बसून सुचतील ती नावं भरतात. रोज संध्याकाळी या राज्यात कितीतरी पाटील आणि शिंदे कागदोपत्री औषध घेऊन जातात, ज्यांना आईने कधी जन्म दिलेला नाही. 2012 साली मुंबईत एक सहायक पोलीस आयुक्त हॉकी स्टिक घेऊन बार-पबांवर छापे घालत हिंडू लागले, तेव्हा साऱ्या उच्चभ्रू शहराला एकदम आठवलं की आपल्या खिशात परवाना नाही. तोवर त्यांना वाटत होतं, हा कायदा फक्त तळीरामांसाठी आहे.

आणि याच दारूबंदीच्या कायद्याखाली दारू विकून तिजोरी भरते. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट 5 चा 10 टक्के झाला. परवाना शुल्क 15 टक्क्यांनी वाढलं. जून 2025 मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर गेलं. वर्षाला 14 हजार कोटी जादा मिळतील, असा अंदाज मांडला गेला. 14 जुलैला राज्यभरच्या बारवाल्यांनी एक दिवस बार बंद ठेवले. कुठल्या शोकलेखकाने त्या दिवशी टिपूस गाळलं? नाही गाळलं. बार मरताना बघणं गद्य आहे, मेल्यावर आठवणं काव्य.

महामार्गांचा फार्स तर आपण विसरलोही. 2016 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. हेतू उत्तम, पिऊन गाडी हाकणाऱ्यांना आळा. पण बार हलवणं जिकिरीचं, म्हणून काहींनी महामार्गच हलवले, कागदावर. चंदीगडने शहरातले महामार्ग शहरी रस्ते ठरवून टाकले, आणि न्यायालयाने ते चालवून घेतलं. छोट्या गावांपुरते 500 चे 220 मीटर झाले. माणूस शुद्धीवर आणि रस्ता झिंगलेला, असं दृश्य इतिहासात प्रथमच दिसलं असावं.

माझाही एक बार गेला. नाव सांगणार नाही, नाहीतर त्याच्यावरही लेख येईल. दादरला, स्टेशनपासून चालत जायच्या अंतरावर. बाहेर काळी काच, आत ट्यूबलाइट. मालक शेट्टी, गल्ल्यावर लक्ष्मी आणि वेंकटेश शेजारी-शेजारी, दोघांपुढे एकच उदबत्ती. क्वार्टर सांगितली की आधी उकडलेले चणे यायचे, वर कांदा, मिरची, लिंबू. चखणा फुकट होता तोवर मी आस्तिक होतो. कोपऱ्यात दोन मुद्रितशोधक बसत. दुसऱ्या पेगपर्यंत ते ऱ्हस्व-दीर्घावरून भांडत, चौथ्यानंतर शुद्धलेखन महामंडळ बरखास्त करत. एक पोस्टातले, एक एलआयसीतले, वर्षानुवर्षं एका टेबलावर, एकमेकांची नावं न विचारता. आणि एक गृहस्थ रोज भिंतीकडे तोंड करून एकटेच बसत, नव्वद मारत आणि उठून जात. काय झालं, असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही. चौकशी न करणं हीच त्या जागेची संस्कृती. हल्लीच्या पबात दर दहा मिनिटांनी एक हसतमुख मुलगा येऊन विचारतो, सर, अनुभव कसा वाटतोय? अरे बाबा, मी प्यायला आलोय, दीक्षा घ्यायला नाही!

पाहिलंत? मलाही चढायला लागला गहिवर. यावर रामबाण उतारा म्हणजे त्या बारची मुतारी. डोळ्यांत पाणी तिथेही यायचं, पण ते अमोनियाने. बिलातली चूक नेहमी मालकाच्या बाजूची. सोडा अर्धा गेलेला. आणि ‘समाजाच्या सर्व स्तरांतले लोक तिथे एकत्र येत’ हे जे या लेखांतलं लाडकं वाक्य आहे ना, त्यात दुरुस्ती करा: सर्व स्तरांतले पुरुष. बाईने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की वेटर आग लागल्यासारखा धावायचा आणि तिला ‘फॅमिली सेक्शन’ दाखवायचा, मग सोबत फॅमिली असो वा नसो. कडक दारूबंदीच्या काळात वांद्र्याला, धोबी तलावाला आंट्यांच्या घरी चोरून प्यायला जायचे, तिथे निदान धंदा बाईचा असे, हुकूम बाईचा असे, जास्त झालेल्याला हाकलणारीही बाईच. दारू कायदेशीर झाली आणि बाई गल्ल्यावरूनही गेली. तेव्हा रोझमेरीच्या काडीची मी कितीही टिंगल केली तरी एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं: तिच्या शेजारी एकटी बाई बिअर घेऊन निवांत बसू शकते. आमच्या त्या ‘घरच्यासारख्या’ बारमध्ये नसती बसू शकली. तो घरच्यासारखाच होता, हीच तर अडचण.

बंद का पडला? मालकाच्या मुलांना गल्ल्यावर बसायचं नव्हतं, ती शिकली. इमारत पुनर्विकासात गेली. शुल्क वाढत गेलं. आणि गिऱ्हाईक एकेक करून डॉक्टरांच्या ताब्यात गेलं. आरोग्य परवान्याच्या कलमाचा हा उलटा अंमल. आता तिथे मनोरा उभा आहे आणि तळमजल्यावर प्रथिनांच्या भुकटीचे डबे विकतात. त्या भुकटीला परवाना लागत नाही.

आठवणींचा धंदा मात्र तेजीत आहे. धोबी तलावचा बस्तानी हा इराणी कॅफे 2004 साली बंद झाला. 2010 साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ‘दिशूम’ निघालं, मुंबईच्या इराण्याच्या धर्तीवर, आणि त्याच्या दारात रांगा लागू लागल्या. 2023 साली त्याच मंडळींनी ब्रायटनला बार काढला. नाव काय ठेवलं असेल? ‘परमिट रूम’. जिथे प्यायला कुणाच्या बापाचं परमिट लागत नाही, त्या देशात! चालवणाऱ्यांना मी बोल लावत नाही. आपण भंगारात काढलेलं त्यांनी उचललं, पुसलं, पौंडांत किंमत लावली. हुशार माणसं.

आमचे ठाण्याचे एक मित्र लंडनला ‘दिशूम’च्या रांगेत उभे राहून आले. आल्याबरोबर फोनवरचे फोटो दाखवले. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या खुर्च्या, डाग पाडून घेतलेला आरसा. ‘अगदी आपल्या इराण्यासारखं रे,’ म्हणाले, आणि आवाज खरोखर कापला. मी म्हटलं, बस्तानी गेला, पण त्याच्या समोरचा कयानी चालू आहे अजून, 1904 पासूनचा. कधी गेला होतास?

‘नाही रे. तिकडे पार्किंग मिळत नाही.’